नळाची धार आणि हौदातले पाणी: सौरज्वालेच्या आलेखाचा इतिहास

‘आदित्य-एल१’ने सौरज्वाला टिपल्याची बातमी आली की आपण प्रथम विचारतो: एम वर्गाची की एक्स वर्गाची? हा वर्ग मृदू क्ष-किरणांच्या केवळ कमाल तीव्रतेवरून ठरतो. ज्वालेत काय घडले, ते मात्र त्या एका आकड्यातून कळत नाही. त्यासाठी काळानुसार चढत-उतरत जाणारा संपूर्ण आलेख वाचावा लागतो.

हे वाचन सुरू झाले ते योगायोगाने. २० मार्च १९५८ रोजी पीटरसन आणि विंकलर या अमेरिकी शास्त्रज्ञांचा बलून विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी क्युबावर तरंगत होता. त्याच वेळी सूर्यावर ज्वाला उसळली आणि उपकरणाने उच्च ऊर्जेच्या किरणांचा झोत नोंदवला. काही सेकंदांत तो ओसरलाही.

१९६८ मध्ये वर्नर न्यूपर्ट यांनी ‘ओएसओ-३’ उपग्रहाच्या नोंदी सूक्ष्मतरंगांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. सूक्ष्मतरंगांचा झोत अल्पजीवी होता, तर मृदू क्ष-किरण सावकाश वाढत होते. झोताची आरंभापासूनची बेरीज जशी वाढे, तसाच मृदू क्ष-किरणांचा आलेख चढे. आज हा ‘न्यूपर्ट परिणाम’ म्हणून ओळखला जातो.

नळ आणि हौद आठवा. वेगवान इलेक्ट्रॉन सूर्याच्या वर्णावरणावर आदळतात, तेव्हा उच्च ऊर्जेचे क्ष-किरण निघतात. ही नळाची धार. त्या आघाताने कोटी अंशांपर्यंत तापलेला वायू चुंबकीय कमानींत भरतो आणि मृदू क्ष-किरणांत उजळतो. ही हौदाची पातळी. धार थांबली तरी हौद लगेच रिता होत नाही. वायू हळूहळू निवतो.

भारताने या अभ्यासात २००३ मध्ये जीसॅट-२ वरील ‘सॉक्स’ उपकरणाने पाऊल टाकले. पुढे चांद्रयान-२ च्या ‘एक्सएसएम’ने शांत सूर्यावरील ९८ सूक्ष्मज्वाला नोंदवल्या. आदित्यवरील ‘हेलिऑस’ने तर एल१ बिंदूकडे जाताना, २९ ऑक्टोबर २०२३ रोजीच, एका ज्वालेचा आरंभीचा आवेगी टप्पा टिपला.

आता ‘सोलेक्स’ हौदाची पातळी मोजतो, ‘हेलिऑस’ नळाची धार. तेही एकाच यानावरून, जिथून सूर्य कधी मावळत नाही. कारण काही ज्वाला न्यूपर्टचा नियम पाळत नाहीत: धार दिसण्याआधीच पातळी चढू लागते. ती उष्णता कोठून येते, हा प्रश्न अजून खुला आहे. त्याचे उत्तर आलेखाच्या शिखरावर नव्हे, तर त्याच्या पायथ्याशी, पहिल्या काही मिनिटांत शोधावे लागेल.