राष्ट्राध्यक्ष आणि सरपंच

आपला प्रमुख लोकांनीं स्वतः निवडावा, हें मत आतां बहुतेकांस पटतें. परंतु निवडीची रीत ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न अधिक बिकट आहे. फ्रान्समध्यें तो १९६२ सालीं उभा राहिला. १९५८ च्या घटनेप्रमाणें तेथील राष्ट्राध्यक्ष सुमारें ऐंशी हजार प्रतिनिधींचें मंडळ निवडीत असे. १९६२ च्या ऑगस्टमध्यें अध्यक्ष द गॉल यांजवर प्राणघातक हल्ला झाला. त्यानंतर, आपल्यामागून येणाऱ्या अध्यक्षास सर्व मतदारांचें पाठबळ हवें, असें म्हणून त्यांनीं पार्लमेंटास बाजूस सारलें व हा प्रश्न सार्वमतास टाकला. पार्लमेंट खवळलें, त्यानें पाँपिदू मंत्रिमंडळावर अविश्वासाचा ठराव केला. पण २८ ऑक्टोबर रोजीं मतदान करणाऱ्यांपैकीं शेंकडा बासष्टांनीं होकार दिला. रीत घटनेस धरून नव्हती, असें पुष्कळ घटनापंडितांचें मत पडलें. आम्हांसही तें खरें वाटतें.

आपल्या घटनेंत असें सार्वमत नाहींच. राष्ट्रपति प्रौढ मतदारांनीं निवडावा, ही के. टी. शहा यांची सूचना घटनासमितींत आली होती. नामधारी प्रमुखासाठीं एवढा खटाटोप नको, म्हणून डॉ. आंबेडकरांनीं तीस विरोध केला. मुळशी तालुक्यांतला सरपंच मात्र नामधारी नव्हे. त्याची निवड २०१७ सालीं थेट गांवकऱ्यांकडे आली, २०२० सालीं सदस्यांकडे गेली आणि २०२२ सालीं पुन्हां गांवकऱ्यांकडे आली. सरकार पालटलें कीं रीत पालटली. पौडच्या वा ताम्हिणीच्या मतदारास कोणीं पुसलें नाहीं. आम्हांस न पुसतां आमच्या जमिनी धरणाखालीं कां घालतां, म्हणून १९२१ सालीं ज्या खोऱ्यानें सत्याग्रह केला व सेनापति बापटांस आपलें पुढारी मानिलें, त्यास तरी हें खटकावें.

तथापि ह्याच कायद्यांत एक लहानसें सार्वमत दडलेलें आहे. थेट निवडलेल्या सरपंचावर तीन चतुर्थांश सदस्यांनीं अविश्वास दाखविला, तरी तेवढ्यानें तो जात नाहीं. विशेष ग्रामसभेनें गुप्त मतदानानें तो ठराव मान्य करावा लागतो. प्रतिनिधींचा अविश्वास आणि मतदारांचा विश्वास यांची जी गांठ फ्रान्समध्यें पडली, तीच अशी गांवच्या चावडीवर पडूं शकते. मात्र तेथें गांवकऱ्यांस विचारलें जातें तें सरपंच राहावा कीं जावा एवढेंच. तो निवडावा कसा, हें अद्याप विचारलें गेलेलें नाहीं.