क्रीडा स्मृतिवस्तूंचे विमा-मूल्यांकन

क्रीडा स्मृतिवस्तूंचे विमा-मूल्यांकन म्हणजे खेळाडूंनी वापरलेल्या, त्यांना मिळालेल्या अथवा त्यांच्या सहीने अंकित झालेल्या वस्तूंची किंमत विमा उतरवण्यासाठी जाणकाराकडून लेखी स्वरूपात ठरवून घेणे. बॅट, चेंडू, टोपी, जर्सी, पदक, करंडक, सामन्याचे तिकीट, खेळाडूंची चित्रे असलेली कार्डे या सर्वांचा समावेश स्मृतिवस्तूंत होतो. अशा वस्तूंचे मोल त्यांच्या द्रव्यात नसून इतिहासात असते. म्हणून तो इतिहास कागदोपत्री सिद्ध करणे हाच मूल्यांकनाचा गाभा ठरतो.

== गरज ==

खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत मिळवलेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. धातू म्हणून त्याचे मोल किरकोळ आहे. असे एखादे पदक घरातून चोरीस गेले आणि त्याची स्वतंत्र नोंद विम्यात नसेल, तर विमा कंपनीच्या लेखी तो केवळ कांस्याचा तुकडा उरतो. अमेरिकेत प्रचलित असलेल्या घरमालक विम्याच्या प्रमाणित नमुन्यात तर पदकांची गणना रोकड व नाण्यांसोबत केलेली असून, या संपूर्ण गटाच्या चोरीला अवघ्या २०० डॉलरची मर्यादा आहे. घरातील सामान जुने असले तरी नव्याची किंमत देणाऱ्या तेथील जोड-कलमातूनही स्मृतिवस्तू व संग्राह्य वस्तू वगळलेल्या असतात. त्यामुळे अशा वस्तूंची स्वतंत्र यादी आणि प्रत्येकीची किंमत पॉलिसीला जोडावी लागते. त्या किमतीला आधार म्हणून मूल्यांकन अहवाल लागतो.

अहवाल नुकसान होण्यापूर्वीचा असणे महत्त्वाचे असते. जळालेल्या जर्सीवरची सही खरी होती की खोटी, हे राखेवरून ठरवता येत नाही.

== कोणते मूल्य? ==

एकाच वस्तूला एकाच दिवशी अनेक किमती असू शकतात. विक्रेता व ग्राहक दोघेही राजीखुशीने व पुरेशा माहितीनिशी व्यवहार करतील ती किंमत म्हणजे रास्त बाजारमूल्य. वारसाहक्क, वाटणी वा देणगीच्या कामी ते वापरतात. विम्यासाठी मात्र बहुधा पुनर्स्थापना मूल्य धरले जाते. तशीच वस्तू वाजवी मुदतीत पुन्हा मिळवायची झाल्यास विक्रेत्याच्या दुकानात किंवा लिलावात, लिलावगृहाच्या अधिभारासह, जेवढा खर्च येईल तेवढे हे मूल्य असते. ते सहसा बाजारमूल्यापेक्षा अधिक भरते. म्हणूनच विम्याच्या अहवालातील आकडा म्हणजे विकल्यावर हाती येणारी रक्कम, असे समजणे चुकीचे आहे. संग्राहकांचे वारस या गैरसमजाने अनेकदा निराश होतात.

जी वस्तू जगात एकच आहे तिच्याबाबत पुनर्स्थापना हा शब्दच अपुरा पडतो. अशा वेळी मान्य मूल्याची पॉलिसी घेतली जाते. विमाधारक व कंपनी किंमत आधीच ठरवतात आणि वस्तू पूर्णपणे नष्ट झाल्यास तीच रक्कम देय होते. साध्या पॉलिसीत कमी रकमेचा विमा उतरवला असेल तर ‘सरासरी’चे कलम आड येऊ शकते. १० लाखांच्या संग्रहाचा विमा ४ लाखांचा असेल आणि नुकसान ५ लाखांचे झाले, तर त्या प्रमाणात केवळ २ लाख रुपये मिळतात.

== तुलनेचे व्यवहार ==

मूल्यांकक प्रामुख्याने तत्सम वस्तूंच्या प्रत्यक्ष विक्रीचा आधार घेतो. विक्रेत्याने मागितलेली किंमत पुरावा ठरत नाही. मिळालेली किंमतच ठरते. पण मिळालेली प्रत्येक किंमतही तुलनेला चालत नाही. ऑस्ट्रेलियाचा फिरकी गोलंदाज शेन वॉर्न याची कसोटी टोपी जानेवारी २०२० मध्ये वणवाग्रस्तांच्या मदतीसाठी लिलावात निघाली व १० लाख ७ हजार ५०० ऑस्ट्रेलियन डॉलरला गेली. त्याच वर्षी डिसेंबरात डॉन ब्रॅडमन यांची १९२८ मधील कसोटी पदार्पणाची टोपी विकली गेली, ती ४ लाख ५० हजार डॉलरला. यावरून वॉर्नची टोपी ब्रॅडमनच्या टोपीच्या दुपटीहून मौल्यवान ठरत नाही. पहिल्या रकमेत टोपीच्या मोलाइतकाच दानाचा वाटा होता. महेंद्रसिंग धोनी याने २०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात वानखेडे स्टेडियमवर विजयी षटकार मारलेली बॅट त्याच वर्षी लंडनमधील धर्मादाय कार्यक्रमात १ लाख पौंडांना विकली गेली, तेथेही हाच विवेक लागू होतो. धर्मादाय लिलावातील आकडा दुसऱ्या बॅटला जसाच्या तसा लावणारा अहवाल विमा कंपनीच्या तपासणीत टिकण्याची शक्यता कमी असते.

किमती स्थिरही राहत नाहीत. बेसबॉलपटू मिकी मँटल याचे १९५२ चे एक कार्ड १९९१ मध्ये ५० हजार डॉलरला खरेदी झाले होते. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याला १ कोटी २६ लाख डॉलर मिळाले. २०२०–२१ मध्ये कार्डांच्या बाजाराला आलेली भरती पुढे बरीच ओसरली. यास्तव दर काही वर्षांनी फेरमूल्यांकन करून घेण्याचा प्रघात आहे.

== अस्सलपणा व पूर्वेतिहास ==

अस्सलपणाची तपासणी आणि मूल्यांकन ही दोन वेगळी कामे आहेत. सही खरी आहे की नाही हे एक तज्ज्ञ सांगतो, तर ती खरी धरल्यास तिची किंमत किती हे दुसरा सांगतो. बनावट सह्यांचा सुळसुळाट हे या व्यापाराचे जुने दुखणे आहे. अमेरिकेच्या एफबीआयने १९९० च्या दशकात ‘ऑपरेशन बुलपेन’ या मोहिमेत बनावट सह्या करणाऱ्यांची मोठी टोळी उघडकीस आणली. त्यानंतर २००१ पासून तेथील मेजर लीग बेसबॉलने सामन्याच्या वेळीच वस्तूंवर क्रमांकित होलोग्राम लावण्याची पद्धत सुरू केली.

मालकीचा अखंड पूर्वेतिहास हा सर्वांत भक्कम पुरावा मानला जातो. दिएगो मॅराडोना याची १९८६ च्या विश्वचषकातील इंग्लंडविरुद्धच्या सामन्याची जर्सी इंग्लंडच्या स्टीव्ह हॉज याने सामन्यानंतर अदलाबदलीत घेतली आणि पुढे ती अनेक वर्षे फुटबॉल संग्रहालयाकडे उसनी दिली. इतकी सरळ परंपरा असूनही, २०२२ च्या लिलावाआधी ही जर्सी पूर्वार्धातील, म्हणजे ‘ते’ दोन गोल झाले तेव्हाची नव्हे, असा आक्षेप मॅराडोनाच्या कन्येने घेतला. चिन्ह, पट्टे व अंकांचे बारकावे सामन्याच्या छायाचित्रांशी ताडून जर्सी उत्तरार्धातलीच असल्याचे लिलावगृहाने सांगितले आणि तिला ७१ लाख पौंडांहून अधिक किंमत आली. वस्त्र तेच राहते. पण पूर्वार्ध की उत्तरार्ध, एवढ्याने किंमत पालटते.

प्रमाणपत्रही अंतिम शब्द नसतो. होनस वॅग्नर याचे एक प्रसिद्ध कार्ड १० पैकी ८ श्रेणी मिळवून लक्षावधी डॉलरला विकले जात राहिले. त्याच्या कडा आपण कातरल्या होत्या, अशी कबुली त्याच्या एका पूर्वीच्या विक्रेत्याने २०१३ मध्ये दिली.

== मूल्यांकक व अहवाल ==

अमेरिकेतील व्यावसायिक मानकांनुसार मूल्यांकनाचे शुल्क वस्तूच्या किमतीच्या टक्केवारीत घेण्यास मनाई आहे, कारण तसे केल्यास किंमत फुगवण्यात मूल्यांककाचाच लाभ होईल. जो व्यापारी किंमत सांगून तीच वस्तू विकत घेऊ इच्छितो त्याचा अहवाल याच कारणाने संशयास्पद ठरतो. चांगल्या अहवालात वस्तूचे वर्णन, मापे, सर्व बाजूंची छायाचित्रे, डाग-फाटे-पुसट सह्या यांची नोंद, पूर्वेतिहासाची कागदपत्रे, कोणते मूल्य धरले व कोणत्या तारखेला, तुलनेचे व्यवहार आणि मूल्यांककाची अर्हता नमूद असते. त्याची एक प्रत घराबाहेर ठेवावी लागते. संग्रहासोबत अहवालही जळाल्याने दावे अडकतात.

== भारतातील स्थिती ==

भारतात १ एप्रिल २०२१ पासून लागू असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत इमारतीसोबत घरातील सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत संरक्षण आपोआप मिळते. दागिने, चित्रे, कलावस्तू यांसारख्या मौल्यवान चिजांसाठी मान्य मूल्याचे ऐच्छिक संरक्षण वेगळे घ्यावे लागते. त्यासाठी मूल्यांकन प्रमाणपत्र आवश्यक असते. मात्र एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत व कोणतीही एक वस्तू १ लाखापर्यंत असल्यास ते माफ आहे. सही केलेली बॅट या वर्गात धरली जाईल किंवा कसे, हे कंपनीकडून आधीच लेखी घेणे श्रेयस्कर असते.

कंपनी कायद्याखालील नोंदणीकृत मूल्यांककांचे तीनच वर्ग आहेत: जमीन व इमारती, यंत्रसामग्री, आणि रोखे व वित्तीय मत्ता. स्मृतिवस्तूंसाठी स्वतंत्र वर्ग नाही. त्यामुळे लिलावगृहे व अनुभवी संग्राहक यांच्या मतावर भिस्त राहते. विमा सर्वेक्षक हा नुकसान झाल्यावर येतो, तो मूल्यांककाची जागा घेत नाही. संग्रह मात्र वाढत आहेत. पुण्यातील ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ या क्रिकेट संग्रहालयाने २०२० मध्ये पाकिस्तानच्या अझर अलीची त्रिशतकी बॅट १० लाख पाकिस्तानी रुपयांना घेतली. तीही कोविडकाळातील मदतीसाठीच्या लिलावात.

== मर्यादा ==

विमा पैसे देतो, वस्तू परत आणत नाही. फुटबॉल विश्वचषकाचा ज्यूल रिमे करंडक मार्च १९६६ मध्ये लंडनच्या टपाल तिकिटांच्या प्रदर्शनातून चोरीस गेला, तेव्हा त्याचा ३० हजार पौंडांचा विमा होता. सुदैवाने तो आठवड्याभरात पिकल्स नावाच्या कुत्र्याला सापडला. १९८३ मध्ये रिओ दि जानेरो येथून तो पुन्हा चोरीला गेला. कपाटाची दर्शनी काच गोळीलाही न फुटणारी होती, पाठीमागची फळी लाकडी होती. करंडक परत मिळाला नाही. तो सोन्यासाठी वितळवला गेला असावा असा समज आहे. ब्राझीलने नंतर त्याची प्रतिकृती करून घेतली.