निर्लेखित खुर्च्या

आम्हां सरकारी नोकरांचा खुर्चीशी आयुष्यभराचा संबंध. परंतु ती कोणी घडविली हा प्रश्न आमच्यापैकी कितीकांना पडतो? जडसंग्रह नोंदवहीत तिचा क्रमांक असतो आणि एके दिवशी ‘निरुपयोगी’ असा शेरा पडून तिचे निर्लेखन होते. चंडीगडच्या खुर्च्यांची कथा या शेऱ्यापाशी संपावयाची. ती तेथूनच रंगली.

१९४७ च्या फाळणीत लाहोर गेले आणि पूर्व पंजाबास नवी राजधानी उभारणे भाग पडले. १९५१ साली ल कॉर्बुझिए हा वास्तुकार या कामावर आला. तो वर्षातून एकदोनदा येऊन जाई. त्याच्या नात्यातला भाऊ पिएर झानरे मात्र १९६५ पर्यंत चंडीगडातच राहिला. १९६७ साली तो वारला, तेव्हा त्याच्या इच्छेनुसार पुढे त्याची रक्षा तेथील सुखना सरोवरात विसर्जित करण्यात आली. बदलीच्या गावी इतका जीव गुंतलेला अधिकारी विरळाच!

नव्या कचेऱ्या, न्यायालय, विद्यापीठ, वसतिगृहे या सर्वांना हजारोंनी मेजे-खुर्च्या हव्या होत्या. झानरे व युली चौधरी यांच्यासारखे त्याचे भारतीय सहकारी यांनी आराखडे केले, आणि स्थानिक सुतारांनी ते सागवानात उतरविले. खुर्चीचे पाय कंपासाच्या दोन पायांसारखे वर जुळलेले आणि खाली फाकलेले. बैठक व पाठ वेताची, म्हणजे उन्हाळ्यात वारा खेळता राहावा. एकाच आराखड्याची काम वेगवेगळ्या कारखान्यांत झाल्यामुळे दोन खुर्च्या अगदी तंतोतंत सारख्या सहसा सापडत नाहीत. आमच्या मते या सामानाचे खरे सौंदर्य या किंचित फरकातच आहे.

पुढे वेत फाटला, सांधे सैल झाले, फिरत्या गुबगुबीत खुर्च्या आल्या. जुन्या खुर्च्या गच्च्यांवर आणि तळघरांत रचल्या गेल्या व लिलावात कवडीमोलाने निघाल्या. १९९० नंतरच्या दशकात पॅरिसचे काही व्यापारी येऊन त्या विकत घेऊ लागले. हे लिलाव उघड व रीतसर होते. त्यांना चोर म्हणण्याचे कारण नाही. त्यांनी काळवंडलेले जुने पॉलिश उतरविले, सांधे पक्के केले, नवा वेत विणून घेतला. मळाचा थर गेला तसे सागाचे रेषे उजळले आणि ज्या वस्तूत आम्हांस सरपण दिसत होते तिच्यात एक कल्पना दिसू लागली. युरोप-अमेरिकेतील लिलावांत एकेका खुर्चीस लाखो रुपये मोल आले.

यातील एक गोष्ट आम्हां कारकुनांना विशेष गमतीची वाटावी. पॉलिश करताना जाणते लोक एक भाग जपून ठेवतात: पाठीमागे वा पायावर रंगाने लिहिलेली खात्याची आद्याक्षरे आणि सामानाचा क्रमांक. वस्तू अस्सल असल्याची तीच मोठी साक्ष. कोणा अनामिक लेखनिकाच्या कुंचल्याने आज किंमत वाढते. सुताराची मात्र कोठेही खूण नाही. काही दुकानदार लाकूड इतके घासतात की खुर्ची कालच तयार झाल्यासारखी चकाकते. पन्नास वर्षे टेकलेल्या कोपरांनी हातांना आणलेली झिलई त्यात जाते, आणि हातच्या कामातले ते बारीक फरकही बुजतात. वेत नवा विणावा, सांधा बसवावा, लाकडाला तेलपाणी करावे. रंध्याला मात्र आवरावे.

एमी सीगल या अमेरिकन कलावतीने २०१३ साली या सामानाच्या प्रवासावर एक चित्रपट केला. तो धनिकांच्या दिवाणखान्यांतून आरंभ करून उलट पावलांनी लिलावगृहे, दुरुस्तीच्या कार्यशाळा, जहाजे असा चंडीगडला पोहोचतो. पुढे तो चित्रपटही लंडनमध्ये लिलावात विकला गेला!

आपल्याकडे जाग उशिरा आली. १९६६ पासून चंडीगड केंद्रशासित असल्याने केंद्रीय गृहमंत्रालयाने २०११ साली या सामानाची विक्री थांबविली. मोजणीत १२,००० हून अधिक नग निघाले. झानरेच्या राहत्या घराचेही २०१७ साली संग्रहालय झाले. तथापि परदेशातील लिलाव थांबविता येत नाहीत. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे अशी वस्तू शंभर वर्षांची असावी लागते, आणि १९५५ साली घडलेली खुर्ची त्या पंक्तीस बसावयास २०५५ साल उजाडेल. तोवर तिचा वेत आणखी दोनतीनदा तरी विणावा लागणार.