अजिंठ्याचे राखणदार गुलाम यझदानी

१८१९ साली वाघाच्या मागावर आलेल्या जॉन स्मिथला अजिंठा दिसला, ही गोष्ट शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. त्यानंतर ती चित्रे टिकली कशी, हे मात्र कोणी विचारत नाही. गुलाम यझदानी हे नाव तर आमच्या उर्दू शाळांच्या शिक्षकखोलीतही ऐकू येत नाही.

दिल्लीत १८८५ साली जन्मलेले यझदानी आधी अरबीचे प्राध्यापक होते. १९१४ मध्ये निजाम सरकारने पुरातत्त्व खाते काढून त्यांच्या हाती दिले. औरंगाबाद संस्थानातच असल्याने अजिंठा-वेरूळही त्यांच्याकडे आले. फारसी-अरबी शिलालेख वाचण्यात मुरलेल्या माणसाकडे भिक्खूंची लेणी!

रंगांचा गिलावा भिंतीपासून सुटत होता. रॉबर्ट गिलच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनला जळाल्या, ग्रिफिथ्सच्याही अनेक पुढे तशाच गेल्या. नकलांच्या भरवशावर राहण्यात अर्थ नव्हता. मूळ भिंतच वाचवायला हवी होती. म्हणून १९२० नंतर चेक्कोनी आणि ओर्सिनी हे इटालियन जाणकार बोलावले. त्यांनी सुटलेला गिलावा पक्का केला आणि रंगांवर लाखेचा लेप दिला. तो लेप पुढे पिवळा, काळपट पडला. नंतरच्या तज्ज्ञांना तो काढत बसावे लागले. यावरून नाके मुरडणारे आहेत. पण गिलावाच गळून पडला असता, तर लेप काढायला चित्र कुठले उरले असते?

आपल्यातलेही काही विचारतात, बुतांच्या राखणीत आपल्या माणसाचे काय काम? आणि पलीकडचे म्हणतात, यांना फक्त तोडताच येते. मला दोघांचीही सारखीच चीड येते. याच यझदानींनी बिदरच्या इमारतींवर मोठा ग्रंथ लिहिला, मांडूवरही लिहिले, आणि अजिंठ्याच्या भिंतीवरची एकेक जातककथा ओळखून तितक्याच जिव्हाळ्याने मांडली. (लेण्यांचे क्युरेटर सय्यद अहमद हे स्वतः चित्रकार, त्यांच्यावर वेगळा लेख व्हायला हवा.)

‘अजंता’ ग्रंथाचा पहिला भाग १९३० मध्ये निघाला. १९४३ मध्ये यझदानी निवृत्त झाले. १९४८ मध्ये निजामाची सत्ता गेली. खाते नाही, हुद्दा नाही. तरी काम चालूच होते. चौथा आणि शेवटचा भाग १९५५ मध्ये आला, तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते.