ठाण्याहून खानबालिकला

'मंगोल' हा सिनेमा (२००७, दिग्दर्शक सर्गेई बोद्रोव) मी पहिल्यांदा पाहिला तो सबटायटल्स वाचत. चंगीझ खान गुलामगिरीतून सुटतो, घोडे धावतात, रक्त उडतं, आणि आपली नजर मात्र दोन तास पडद्याच्या तळाशी. दुसऱ्यांदा पाहताना सबटायटल्स बंद केली. एक अक्षर कळलं नाही. पण ती घशातून येणारी भाषा कानात बसली ती बसलीच.

गंमत म्हणजे यातला चंगीझ खान जपानी आहे. तादानोबू आसानो. त्याचा मित्र आणि शत्रू जामुखा झालेला सुन होंगलेइ चिनी. म्हणजे पडद्यावरचे दोन्ही मुख्य मंगोल हे माझ्यासारखेच, मंगोल भाषेत बाहेरून आलेले!

तेव्हा मी मंदारिन शिकत होतो. डोंबिवली ते ठाणे, कानात हेडफोन, ओठ हलतायत, शेजारचा माणूस जरा सरकून उभा. मंदारिनमध्ये 'माइ' आधी खाली उतरून वर गेला तर विकत घेणे, आणि सरळ खाली आपटला तर विकणे. आमच्या गर्दीत एवढा बारीक सूर लावायचा म्हणजे कठीणच. त्यात मी मंगोलही सुरू केली. घरच्यांचा प्रश्न ठरलेला: "चिनी एकवेळ समजू शकतो, पण मंगोल? डोंबिवलीत बसून? कशाला?"

माझं पहिलं उत्तर व्याकरणाचं होतं. 'बी नोम उन्शिज बैना.' बी म्हणजे मी, नोम म्हणजे पुस्तक, उन्शिज म्हणजे वाचत, बैना म्हणजे आहे. मी पुस्तक वाचत आहे. शब्दाला शब्द ठेवा, वाक्य तयार! चिनीत हेच 'मी आहे वाचत पुस्तक' अशा क्रमाने येतं.

दुसरं उत्तर शब्दांचं. उलानबातरमधला 'बातर' म्हणजे वीर, आणि तोच फारसीतून फिरत आपल्याकडे 'बहादूर' होऊन आला. 'दरोगा'ही मूळचा मंगोलच. उलट दिशेने बौद्ध धर्माबरोबर आपले ग्रह तिकडे गेले. मंगोल भाषेत बुधाला बुद म्हणतात, शुक्राला सुगर, शनीला सन्चिर, आणि मंगळाला चक्क अंगारग. आपल्या अंगारकीतला अंगारक! आईला हे सांगितल्यावर तिचा विरोध जरा मावळला.

तिसरं उत्तर मात्र ठाण्यात सापडलं, आणि खरं तर त्यासाठीच हा लेख.

तेराव्या शतकाच्या शेवटी मोन्तेकोर्विनोचा जॉन नावाचा एक इटालियन फ्रान्सिस्कन साधू वाटेत भारतात तेरा महिने राहून खानबालिकला पोचला. खानबालिक म्हणजे आजचं बीजिंग, मंगोल सम्राटांची राजधानी. तिथून १३०५ साली त्याने लिहिलेलं पत्र आज उपलब्ध आहे. तार्तरांची भाषा आणि लिपी आपण चांगली शिकलो आणि बायबलचा नवा करार व स्तोत्रं त्या भाषेत उतरवली, असं तो त्यात कळवतो. ही 'तार्तर' म्हणजे मंगोल की उईगुर तुर्की, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. त्याचं भाषांतर शिल्लक नसल्याने वाद मिटायचीही सोय नाही. पत्रात एक गोष्ट वारंवार जाणवते: हा माणूस एकटा पडलाय. केस पांढरे झालेत, पण ते वयाने नव्हे, कष्टाने झाले, असं तो सांगतो. मदतीला माणसं पाठवा म्हणतो.

त्याची खबर १३०७ साली पोपपर्यंत पोचवणाऱ्यांत तोलेन्तिनोचा थॉमस हा साधू होता. पुढे तोच थॉमस, म्हातारपणी, चीनला जायला निघाला. होर्मुझहून जहाज धरलं, कोल्लमला जायचं होतं, पण येऊन लागले ठाण्याला. बरोबर आणखी काही साधू होते. त्यांत एक जॉर्जियाचा, तिफ्लिसचा देमेत्रियस. ओदोरिक नावाचा प्रवासी त्याच्याबद्दल मोजकंच सांगतो, पण त्यात एक गोष्ट आवर्जून येते: त्याला भाषा चांगल्या येत. म्हणजे तो दुभाषा.

ठाण्यात हे लोक नेस्तोरियन ख्रिस्ती कुटुंबाकडे उतरले. आपल्या भागात ही वस्ती जुनी होती. सहाव्या शतकातला कॉस्मस 'काल्लियाना' इथे पर्शियाहून नेमलेला बिशप असल्याचं लिहितो, आणि ते बहुतेक अभ्यासकांच्या मते आपलं कल्याण. या लोकांची धर्मभाषा सिरियाक. आता ही साखळी बघा: मंगोलांची उभी लिपी उईगुरांकडून आली, उईगुरांची सोग्दींकडून, आणि सोग्दी लिपी त्याच अरमाइक-सिरियाक घराण्यातली. म्हणजे ज्या लिपीच्या शोधात हे साधू चीनला निघाले होते तिच्या आजीच्या घरात, ठाण्यात, ते मुक्कामाला होते! त्यांना याची कल्पना असण्याचं कारण नाही. मलाही नकाशा समोर घेऊन बसेपर्यंत नव्हती.

पुढची हकीकत ओदोरिक सांगतो. ती एकाच बाजूची आहे, हे लक्षात ठेवून वाचायची. यजमान नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्याने मारलं, बायको काजीकडे गेली, आणि साक्षीदार म्हणून पाहुण्यांची नावं सांगितली. साक्षीचं प्रकरण धर्मावरच्या वादात गेलं. काय उत्तरं दिली ते सविस्तर नोंदलंय. ती कुठल्या भाषेत दिली, इटालियन म्हाताऱ्याचे शब्द काजीपर्यंत कोणी पोचवले, हे नाही. बहुधा देमेत्रियसनेच. स्वतःचा जीव टांगणीला लागलेला असताना दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं पोचवायचं! मला मीटिंगमध्ये क्लायंटचं वाक्य सांगताना घाम फुटतो.

९ एप्रिल १३२१ ला थॉमस, देमेत्रियस आणि पादुआचा जेम्स ठाण्यात मारले गेले. चौथा, सिएनाचा पीटर, सामान राखायला घरी थांबला होता. तो दोन दिवसांनी. खानबालिकला वाट बघणाऱ्या जॉनकडे थॉमस पोचलाच नाही.

त्यांच्या अस्थी मात्र पोचल्या. ओदोरिक पुढच्याच काळात ठाण्याला आला, अस्थी कापडात बांधून जहाजाने चीनच्या झायतोन बंदरात, म्हणजे आजच्या च्वानचौला, घेऊन गेला आणि तिथल्या फ्रान्सिस्कन मठात ठेवल्या. मग तीन वर्षं खानबालिकला राहून तो परतला आणि १३३० साली पादुआला सगळी हकीकत तोंडी सांगून लिहवून घेतली. त्यात ठाण्याबद्दल अशी नोंद आहे की इथले उंदीर कुत्र्याएवढे असतात, मांजरांचं त्यांच्यापुढे काही चालत नाही, ते कुत्र्यांनीच पकडावे लागतात. आपली घूस हो! रात्री उशिराच्या लोकलने ठाण्याला उतरलेला कोणीही ओदोरिकला खोटं पाडणार नाही.

आता माझ्या प्रश्नाकडे येतो. त्याच्याआधी तीसेक वर्षं मार्को पोलोनेही ठाण्याचं वर्णन केलंय: तपकिरी धूप, कापूस, समुद्री चाचे, आणि चाच्यांनी लुटलेले घोडे राजाने घ्यायचे असा करार. या पोलोला चार लिप्या येत असं त्याचं पुस्तक सांगतं. पण ठाणेकरांच्या बोलीबद्दल काय, तर त्यांची स्वतःची भाषा आहे. बस्स. तो हे जवळजवळ प्रत्येक राज्याबद्दल सांगतो.

त्या वेळी नेवाशात ज्ञानेश्वरी सांगून (शके १२१२, म्हणजे १२९०) जेमतेम दोन-चार वर्षं झाली होती.

हे वाचलं तेव्हा आधी राग आला. मग लक्षात आलं की सबटायटल्स वाचत 'मंगोल' पाहताना मीही तेच केलं होतं. घोडे पाहिले, तंबू पाहिले, लढाया पाहिल्या, आणि यांची स्वतःची काहीतरी भाषा आहे एवढं नोंदवून उठलो. जॉनने मात्र ती शिकायला वर्षं घातली. त्याच्या हाताची एक ओळही उरली नाही, तरी मला पोलोपेक्षा तो जवळचा वाटतो.

मंगोलियाने १९४० च्या दशकात उभी लिपी सोडून सिरिलिक घेतली. आपण साधारण त्याच सुमारास मोडी सोडली. २०१५ च्या कायद्यानुसार २०२५ पासून त्यांच्याकडे सरकारी कामात उभी लिपी सिरिलिकच्या बरोबरीने परत आली आहे. आमच्या घरी पणजोबांचे मोडी कागद एका पत्र्याच्या पेटीत आहेत. घरात कोणालाच वाचता येत नाहीत. मंगोलच्या वहीशेजारी आता मोडीची वहीही आहे. बघू.

गेल्या रविवारी 'मंगोल' तिसऱ्यांदा लावला, सबटायटल्स बंद करून. फार काही कळलं असं नाही. पण एका वाक्याच्या शेवटी 'बैना' स्पष्ट ऐकू आलं. आहे. काय आहे ते कळलं नाही, पण काहीतरी आहे एवढं कळलं. सध्या तेवढं पुरे.