रेकॉर्डिंगचा डबा आणि आपल्या संध्याकाळचा हिशोब

गटाच्या बैठकीत आपण शेळीचा भाव विचारतो, शिलाई मशीनचा हप्ता विचारतो, खताच्या पिशवीचा दर तर पाठच असतो. आज आम्ही एका वेगळ्या वस्तूच्या भावाची गोष्ट सांगणार आहोत. ती वस्तू म्हणजे टीव्हीवरचा कार्यक्रम साठवून ठेवणारा डबा. पुस्तकात त्याला डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर म्हणतात, आपण आपला ‘रेकॉर्डिंगचा डबा’च म्हणू.

हा विषय कुठून निघाला ते आधी सांगतो. २०११ सालची गोष्ट. आमचा गट तेव्हा नवा होता. बैठक रात्री आठ वाजता, कारण त्याआधी कुणाचीच भाकरी-कालवण आवरत नसे. एका बैठकीत आमच्या एक ताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मला सहा हजार रुपये अंतर्गत कर्ज पाहिजे. रेकॉर्डिंगचा डबा घ्यायचाय.” सगळ्या हसलो. कर्ज म्हशीला असतं, बियाण्याला असतं, पोराच्या फीला असतं. टीव्हीला कुठं कर्ज असतं का? ताई शांतपणे म्हणाल्या, “आठ वाजता माझी मालिका असते आणि आठ वाजताच तुमची बैठक असते. घरातले बाकीचे बातम्या बघतात, क्रिकेट बघतात. दिवसभरात मी अर्धा तास मागते, तोही भलत्याच वेळेला येतो. त्यात माझं काय चुकलं?”

कुणालाच उत्तर देता आलं नाही. त्या रात्री ठराव झाला नाही. पण ते बोलणं आमच्या मनात राहिलं आणि आम्ही या डब्याची माहिती काढायला लागलो. ती माहिती आज तुमच्यापुढे ठेवतो.

आपल्याकडे टीव्ही पहिल्यांदा दिल्लीत १९५९ साली सुरू झाला. मुंबईचं दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. खेड्यात टीव्ही यायला पुढं बरीच वर्षं लागली. ज्यांच्या घरी तो होता, त्यांच्या ओसरीवर गाव जमायचं. १९८७ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झालं, तेव्हा आपल्या आया-सासवा पहाटेच चूल पेटवायच्या. का? तर टीव्ही कुणासाठी थांबत नव्हता. तो त्याच्या वेळेला लागायचा आणि आपण आपली कामं त्याच्या वेळेला बांधायचो. एखादा भाग चुकला तर शेजारणीला विचारायचं, “काल काय झालं गं?” तेच आपलं रेकॉर्डिंग.

टीव्हीचा कार्यक्रम साठवून ठेवणारं यंत्र मात्र जुनं आहे. अमेरिकेतल्या अॅम्पेक्स कंपनीनं १९५६ साली ते बाजारात आणलं. किंमत होती सुमारे ५०,००० डॉलर, म्हणजे ते फक्त टीव्ही केंद्रांसाठीच होतं. घरात परवडेल असं यंत्र जपानी कंपन्यांनी केलं. सोनीचं बेटामॅक्स १९७५ साली आलं आणि जेव्हीसीचं व्हीएचएस १९७६ साली. हाच आपला व्हीसीआर. आपल्याकडे गणपतीत वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्यानं आणायचे, आणि पहाटेपर्यंत तीन-तीन सिनेमे चालायचे. आपल्यातल्या पुष्कळजणींना ते आठवत असेल.

अमेरिकेत मात्र लोक घरी बसून टीव्हीवरचे कार्यक्रम कॅसेटवर उतरवून घेऊ लागले. सिनेमा कंपन्यांना ते आवडलं नाही. त्यांनी सोनीवर दावा लावला. तो वरच्या कोर्टापर्यंत गेला. १९८४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला. घरच्या माणसानं स्वतःला सवडीनं बघता यावं म्हणून कार्यक्रम उतरवून घेतला, तर तो गुन्हा नाही, असं कोर्ट म्हणालं. बघा, आमच्या ताई बैठकीत जे मागत होत्या, त्यावर एवढ्या मोठ्या कोर्टात वर्षानुवर्षं भांडण झालं होतं. एका मताचा फरक पडला असता तर निकाल उलटा लागला असता.

आता आपल्या डब्याकडे येऊ. कॅसेटची कटकट होती. ती बदलायची, गुंडाळायची, फीत अडकली की पेन्सिल घालून फिरवायची. १९९९ साली अमेरिकेत टिवो आणि रिप्लेटीव्ही या दोन कंपन्यांनी कॅसेटशिवायचा डबा आणला. आत कॉम्प्युटरसारखी हार्ड डिस्क होती. कार्यक्रम आकड्यांच्या रूपात तिच्यावर साठायचा. मालिकेचं नाव एकदा सांगून ठेवलं की डबा आपणहून तिचे भाग धरून ठेवायचा. चालू कार्यक्रम मध्येच थांबवून, दूध उतू जात असेल तर खाली उतरवून यायचं आणि तिथूनच पुढं बघायचं, हेही त्यात होतं.

आता भाव ऐका, कारण खरी शिकवण इथंच आहे. टिवोचा १४ तास साठवणारा डबा ४९९ डॉलरला होता आणि ३० तासांचा ९९९ डॉलरला. शिवाय फी वेगळी. कोणता कार्यक्रम कधी लागणार याची यादी डबा टेलिफोनच्या तारेवरून मागवून घ्यायचा, त्या सेवेचे महिन्याला ९.९५ डॉलर. नाहीतर एकदाच १९९ डॉलर भरायचे आणि मोकळं व्हायचं. दुसऱ्या बाजूला रिप्लेटीव्हीचा सगळ्यांत स्वस्त डबा ६९९ डॉलरला होता, पण महिन्याची फी नव्हती.

दुकानात उभी असलेली बाई काय म्हणेल? टिवो २०० डॉलरनं स्वस्त! पण वही काढा. टिवोचे ४९९ आणि एकरकमी फीचे १९९ मिळवले की होतात ६९८. म्हणजे फरक उरला एका डॉलरचा. एका कंपनीनं फी भावात मिसळून दाखवली आणि दुसरीनं वेगळी काढून ठेवली, एवढंच. महिन्याची फी भरणारीनं २० महिने डबा वापरला की तिचेही बरोबर १९९ डॉलर व्हायचे. त्यापुढं ती जे भरणार ते जास्तीचं.

आणखी एक गोम होती. ती एकरकमी फी ‘आजन्म’ म्हणून विकली जायची. जन्म कुणाचा? घेणाऱ्या बाईचा नव्हे, डब्याचा. डबा बिघडून निकामी झाला की फी संपली.

पुढं काय झालं, तर हार्ड डिस्क स्वस्त होत गेली आणि डब्याचा भाव उतरला. पण फी चढली. काही वर्षांतच महिन्याचे ९.९५ डॉलर १२.९५ झाले आणि एकरकमी १९९ चे २९९ झाले. दारातली वस्तू स्वस्त दिसते आणि खर्च मागच्या दारानं आत येतो, तो हा असा. रिप्लेटीव्हीचं वेगळंच झालं. तिच्या पुढच्या डब्यात जाहिराती आपोआप वगळायची सोय होती, म्हणून टीव्ही कंपन्यांनी २००१ साली दावा लावला. तेव्हा तिची मालक असलेली सोनिकब्लू कंपनी २००३ साली दिवाळखोरीत गेली.

ब्रिटनमध्ये २००१ साली स्काय प्लस आला. डबा ३०० पौंडांचा आणि रेकॉर्डिंगचे महिन्याला १० पौंड वेगळे. पुढं ती जादा फी माफ झाली. आपल्या देशात टाटा स्कायनं २००८ साली असाच डबा आणला, नऊ हजार रुपयांच्या घरात. मग बाकीच्या डिश कंपन्याही त्यात उतरल्या आणि दोन-तीन वर्षांत भाव खाली आला.

हा भाव आपण पैशात न मोजता कष्टात मोजू. १९९९ साली अमेरिकेतली किमान मजुरी तासाला ५.१५ डॉलर होती. म्हणजे ४९९ डॉलरचा डबा तिथल्या सगळ्यांत कमी मजुरीच्या बाईला सुमारे ९७ तासांच्या कामाचा, आठ तासांचे बारा दिवस. आपल्याकडे २००८ च्या सुमाराला रोजगार हमीची मजुरी शंभर रुपयांच्या आतबाहेर होती. म्हणजे नऊ हजारांचा डबा नव्वद दिवसांच्या मजुरीचा! वस्तू तशीच, पण तिथं बारा दिवस घाम गाळायचा आणि इथं तीन महिने. म्हणून कुणी सांगितलं की “जगात सगळीकडे हाच भाव आहे,” तर मान डोलावू नका. भाव रुपयात असतो, पण मोल आपल्या दिवसात मोजायचं असतं.

आता आमच्या ताईंकडे परत जाऊ. पुढच्या बैठकीत आम्ही फळ्यावर हिशोब मांडला. कर्ज ६,०००, मुदत बारा महिने, व्याज महिन्याला शेकडा दोन, शिल्लक रकमेवर. व्याज झालं ७८० रुपये. केबलपेक्षा डिशचं रिचार्ज महिन्याला १०० रुपयांनी जास्त, म्हणजे वर्षाचे १,२००. एकूण ७,९८०. महिन्याला ६६५ रुपये पडले. खुरपणीची बाईची हजेरी तेव्हा आमच्याकडे १२० रुपये होती. म्हणजे दर महिन्याला साडेपाच दिवस खुरपायचं ते डब्यासाठी.

ताईंनी फळ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “आता कळलं. तरी मला पाहिजे.” आम्ही ठराव केला आणि कर्ज दिलं. इतिवृत्तात कारण काय लिहायचं यावर वाद झाला. कुणी म्हणालं ‘घरगुती’ लिहा. शेवटी लिहिलं, ‘स्वतःसाठी’. आमच्या वहीत तो शब्द पहिल्यांदाच आला.

डबा आला. पण आम्हा सगळ्यांचंच एक चुकलं होतं. ते दिवस भारनियमनाचे होते. रात्री आठला मालिका आणि साडेसातला लाईट गेलेली. लाईट नाही तर डबा बंद, डबा बंद तर रेकॉर्डिंग कुठलं! विकणाऱ्यानं हे सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पुढं सुगीत एक महिना रिचार्ज राहिलं, तर आधी साठवलेले भागही उघडेनात. ताई म्हणाल्या, “म्हणजे कोठार माझ्या घरात, पण किल्ली कंपनीकडे.” त्यांनी सगळे हप्ते मात्र वेळेवर फेडले. आणि ज्या आठवड्यात लाईट सकाळी जायची, त्या आठवड्यात त्या बैठकीला निवांत बसायच्या. रात्री सगळे झोपल्यावर पाय पसरून मालिका बघायच्या. त्या म्हणायच्या, लग्नानंतर पहिल्यांदा घरातली एक गोष्ट त्यांच्या वेळेनं चालली.

मग पैसे वाया गेले का? आम्हाला तसं वाटत नाही. पण आधी चार प्रश्न विचारले असते, तर आम्ही बैठकीची आणि भारनियमनाची वेळ जुळवून मगच डबा घेतला असता.

आज दिवस बदलले आहेत. दूरदर्शनची फ्री डिश २००४ पासून आहे, तिला महिन्याची फी नाही. बाजारात मिळणाऱ्या तिच्या पुष्कळ साध्या डब्यांना मागं पेन ड्राइव्ह लावून रेकॉर्डिंग करता येतं. २०१६ नंतर मोबाइलचं नेट स्वस्त झालं आणि चुकलेला भाग फोनवर बघता येऊ लागला. तरी दुकानदार नवा डबा, नवं पॅकेज, नवं अॅप घेऊन येतोच. नाव बदलतं, हिशोब तोच राहतो. म्हणून हे चार प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पहिला, वस्तूचा भाव किती आणि महिन्याची फी किती? दोन्ही मिळून दोन वर्षांचे किती होतात?

दुसरा, फी भरायची राहिली तर आपलं साठवलेलं आपल्याला बघता येईल का?

तिसरा, लाईट गेली, नेट गेलं, डबा बिघडला, तर काय? दुरुस्ती कुठं आणि कोणाच्या खर्चानं?

चौथा, हे आपल्या किती दिवसांच्या मजुरीचं आहे, आणि घरात ते नेमकं कुणाच्या उपयोगाला येणार आहे?

हा चौथा प्रश्न आम्हाला सगळ्यांत मोठा वाटतो. घरात मोटारसायकल आली तर तिचा हिशोब कुणी बाईला देत नाही. बाईनं अर्ध्या तासाच्या करमणुकीसाठी काही मागितलं की मात्र सगळं गाव हिशोब मागतं. आम्हीही त्या रात्री हसलोच होतो. हिशोब जरूर करा, मैत्रिणींनो, काटेकोर करा. पण त्यात आपली संध्याकाळही एका ओळीत मांडा. तिचीही काही किंमत असते.

तुमच्या गटात ‘स्वतःसाठी’ म्हणून कुणी कर्ज घेतलंय का? पुढच्या बैठकीत विचारा आणि आम्हाला कळवा.