द्राक्षमद्य आणि ‘सुरा’ शब्दाची व्याप्ति

अहिल्यानगर जिल्ह्यांतील काष्टी हें गांव गुरांच्या बाजाराबद्दल प्रसिद्ध आहे. तेथील बोलण्यांत सर्व मादक पेयें ‘दारू’ या एका शब्दांत येतात. शहरांतील नित्य वाईन घेणारा गृहस्थ मात्र तो शब्द स्वतःस लावून घेत नाहीं. (मौज अशी कीं, ‘वाईन शॉप’ अशी पाटी असलेल्या दुकानांत विक्री बहुधा व्हिस्की-रमचीच होते!) हा भेद नवा नव्हे, हें दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

मनूनें गौडी, पैष्टी व माध्वी अशी त्रिविध सुरा सांगितली. विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत मुख्य सुरा म्हणजे पैष्टी, पिष्टापासून केलेली, असा निर्णय दिला; ती तिन्ही वर्णांस वर्ज्य. त्यानें घेतलेल्या पुलस्त्यवचनांत अकरा मद्यें असून त्यांत फणस, ताड, खर्जूर यांच्या जोडीस द्राक्षमद्यही आहे. बारावी सुरा, ती सर्वांत अधम. अकरा मद्यें ब्राह्मणास निषिद्धच. क्षत्रिय-वैश्यांस त्यांचा दोष नाहीं. म्हणजे द्राक्षमद्य सुरा नव्हे, पण मद्य खरेंच.

ही वस्तु या प्रांतास अपरिचितही नव्हती. याच जिल्ह्यांतील नेवासें येथें १९५४-५६ सालीं झालेल्या उत्खननांत रोमन मद्यकुंभांचीं खापरें निघालीं. भडोच बंदरीं इटलीचें मद्य उतरत असे, हें पेरिप्लसकारानें नोंदविलें आहे.

अर्वाचीन काळीं शासनाच्या २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणानें नाशकाकडील उद्योगास बळ आलें. तेथें २००५ सालीं सुलानें चव घेण्याचें दालन उघडलें, आणि पूर्वीं आडोशास होणारें पान सहकुटुंब सहलीचा विषय झालें. पुढें २७ जानेवारी २०२२ रोजीं मोठ्या किराणा दुकानांत वाईन ठेवण्यास मंत्रिमंडळानें मान्यता दिली. ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ असें समर्थक म्हणूं लागले. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनीं १४ फेब्रुवारीपासून उपोषण जाहीर केलें. आदल्या दिवशीं तें मागें घेतलें.

मिताक्षरेच्या कसोटीस समर्थकांचें वाक्य अर्धेंच उतरतें. ‘दारू’ म्हणजे सुरा घेतल्यास तें खरें, मद्य घेतल्यास खोटें. शिवाय पुलस्त्यानें द्राक्षमद्यास ताडीच्या पंक्तीस बसविलें आहे. ही पंगत आजच्या वाईनभक्तांस रुचेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

भीमा-घोड कांठच्या दप्तरांत मद्यपानाच्या प्रायश्चित्ताचीं निर्णयपत्रें कोणा संग्राहकाजवळ असल्यास त्यांनीं ‘सुरा’ व ‘मद्य’ हे शब्द कसे योजिले आहेत तें अवश्य पाहावें, व नक्कल मंडळाकडे धाडावी.